नदीला उतार

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता उतरत उतरत मांडवीच्या काठाशी येतो आणि तिथे पाण्यातच संपतो. आमची गाडी धक्क्यावरच्या रांगेत उभी राहिली, तेव्हा मागच्या सीटवरून आईने विचारले, "पूल न्हाई व्हय हितं?" मी नाही म्हटले. "एवढ्याशा पाण्याला?" असे म्हणून तिने काच खाली केली आणि पलीकडच्या दिवाडी बेटाकडे, एखाद्या कामचुकार माणसाकडे बघावे तसे बघितले.

आम्ही कोल्हापुरातून आजरा-आंबोलीमार्गे निघालो होतो आणि आम्हाला नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जायचे होते. खरे तर दोडामार्ग-डिचोलीवरून नदीची फेरीबोट न धरताही तिथे पोहोचता येते आणि तोच रस्ता आम्हाला जवळचा पडला असता. जुन्या गोव्याचा वळसा मी मुद्दाम घेतला होता, कारण मला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आणि तिथून पुन्हा पलीकडच्या काठावर, असे दोनदा पाणी ओलांडून त्या देवळापर्यंत जायचे होते. आईला हे मी सांगितले नव्हते.

फेरीबोट आली. सपाट बुडाची, लोखंडी, रंगावर रंग चढवलेली. तिच्या तोंडाशी असलेला जाड पत्र्याचा फळका साखळीच्या खडखडाटात खाली आला आणि धक्क्याच्या चिखलट उतारावर टेकला. आधी माणसे उतरली, मग दुचाक्या, मग गाड्या. चढण्याचा क्रमही कोणी न सांगता ठरलेला असावा, कारण रांगेत फक्त आम्हालाच घाई होती. हातातल्या काठीने गाड्यांना जागा दाखवणारा खलाशी आमच्या चालकाला "मात्शें फाटीं सर" असे दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा त्याने बॉनेटवर नुसती थाप मारली. आमच्या शेजारी एक पोदेर सायकल धरून उभा होता. मागच्या वेताच्या टोपलीवर निळा प्लॅस्टिकचा कागद, त्यातून गरम पावाचा वास, आणि हँडलला लावलेला रबरी भोंगा. दिवाडीवर उतरण्याआधीच त्याच्या टोपलीतले आठ-दहा पाव बोटीवरच खपले. चालत येणाऱ्यांना आणि दुचाकीवाल्यांना या बोटीत पैसे पडत नाहीत, हे कळल्यावर आईचा बोटीविषयीचा राग थोडा निवळला, पण संशय वाढला.

नकाशात पाहिले तर या प्रवासाची गंमत कळते. ज्या जुन्या गोव्यातून आपण बोटीत चढतो ती भूमीही बेटच आहे. तिसवाडी, म्हणजे तीस वस्त्यांचा मुलूख. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेकडे या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. दिवाडी, चोडण, जुवे आणि आणखी लहानसहान तुकडे त्याच पाण्यात विखुरलेले आहेत, आणि पोर्तुगीज या सगळ्या मुलखाला 'इल्हास', म्हणजे बेटे, एवढेच म्हणत. आज पुलांमुळे तिसवाडीचे बेटपण कोणाच्या ध्यानात राहत नाही. दिवाडीचे मात्र अजून राहिले आहे. कोकण रेल्वे या बेटावरून जाते, परंतु बेटावर स्थानक नाही. मुंबईहून मडगावला जाणारी माणसे खिडकीतून दिवाडीची शेते पाहतात आणि दिवाडीची माणसे खालून त्यांची गाडी.

आपल्या भाषेत नदी ओलांडण्याच्या जागेला 'उतार' म्हणतात. नदीला उतार आहे, उतार मिळाला, उतार बंद झाला, ही बोलणी माझ्या आजोळी, शिरोळ तालुक्यात, अजून कानावर पडतात. त्याच शब्दातून 'उतारू' आला. आज एसटीच्या आणि रेल्वेच्या फलकांवर बसलेला हा शब्द मुळात पाणी उतरून जाणाऱ्या माणसाचा आहे. 'तर', 'तारू', 'तरणे' हे सगळे एका धातूचे गोत, आणि 'तीर्थ' हाही त्याच कुळातला शब्द. तीर्थ म्हणजे मुळात नदी पार करण्याची जागा. ज्या जागी पाऊल सुखरूप पडते तिथे माणसाने हात जोडले, मग घाट बांधला, मग देव बसवला, असा क्रम असावा असे मला वाटते. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर उभे राहिले की हा क्रम पटतो. गोव्यात 'तार' हा शब्द होडीसाठी आहे आणि म्हापसा, शिवोली अशा गावांत जुन्या धक्क्यांच्या जागांना तो चिकटून राहिला आहे. मोटारीच्या होड्या आल्या तेव्हा गोयंकरांनी त्यांना 'गॅझोलिना' म्हटले. इंधनाचे नाव वाहनाला देण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. आपणही कोळशावर चालणाऱ्या जहाजाला 'आगबोट' म्हणून मोकळे झालोच होतो.

या पाण्यावरच्या उतारांचा इतिहास मात्र इतका मजेचा नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि तिथले गोवे शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, त्यांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी झाले. शहराला खरा तट होता तो पाण्याचाच. म्हणून जिथे जिथे उतार होता तिथे त्यांनी चौकी बसवली. या चौक्यांना ते 'पासो' म्हणत. बाणस्तारी, दावजी, आगशी अशा जागी माणसांची ये-जा मोजून होत असे. १५८० च्या दशकात काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने या चौक्यांचे जे वर्णन केले आहे, ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पलीकडून धान्य-भाजी आणायला जाणाऱ्या स्थानिक माणसांच्या उघड्या दंडावर शिक्का उठवला जाई, परत येताना तो शिक्का दाखवावा लागे आणि वर दोन-एक बझारूक, म्हणजे तिथली अगदी हलकी नाणी, मोजावी लागत. म्हणजे तिकीट कागदावर नव्हते, अंगावर होते. घामाने किंवा नदीच्या पाण्याने तो शिक्का पुसला गेला तर त्या माणसाचे काय होत असेल, हे त्याने लिहिलेले नाही. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन, दंड कोरडा ठेवण्यासाठी हात अवघडून धरणारी बाई मला त्या धक्क्यावर दिसत राहिली.

कमानीतून मात्र वेगळी माणसे येत. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा, १६व्या शतकाच्या अखेरीस, त्याने पणजोबांच्या स्मरणार्थ ती कमान उभारली, आणि नवा व्हाइसरॉय नदीकाठी उतरून तिच्यातूनच शहरात प्रवेश करी. एकाच काठावर एकाचे स्वागत आणि दुसऱ्याच्या दंडावर शिक्का.

दिवाडीवरून पलीकडे गेलेल्यांत एक देवही आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. बहमनी काळात ते मोडले, १४व्या शतकात विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, आणि १६व्या शतकात पोर्तुगीजांनी जमीनदोस्त केले. लिंग विहिरीच्या कामाला लावले होते, असे सांगतात. डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव देसायांनी ते तिथून सोडवून रात्रीतून नदीपार नार्व्याला नेले, ही कथा नार्व्यात आजही आपुलकीने सांगितली जाते. कुठल्या होडीतून, कोणत्या तारकऱ्याने नेले, त्याचे नाव कथेत नाही. शिक्के तपासणाऱ्या त्या पाण्यावरून दगडाचा देव नेताना वल्हे मारणाऱ्याची छाती किती धडधडली असेल, याची कल्पना करण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही. देव गेला, पण तीर्थ जागचे हलले नाही. गोकुळाष्टमीला लोक दिवाडीच्या काठावर, त्या जुन्या जागी, अजून स्नानाला जमतात.

कोल्हापूरच्या माणसाला नार्व्याची ओढ असते ती पुढच्या प्रकरणामुळे. शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि दारावरच्या शिलालेखात त्याची तिथी आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. त्याच वर्षी महाराजांनी गोवे शहर घेण्याचा एक बेत आखला होता. थोडी थोडी माणसे निरनिराळ्या निमित्ताने उतारांवरून शहरात शिरवायची आणि पुरेशी झाली की आतून उठाव करायचा, असा तो बेत व्हाइसरॉयला कळला आणि फसला. मला या बेतातली नेमकी नजर थक्क करते. बाहेरून तोफा लावण्यापेक्षा रोजच्या होडीतून रोजच्या माणसांसारखे आत जाणे, हे ज्याला सुचले त्याने तो उतार स्वतः बारकाईने पाहिला असणार किंवा पाहणाऱ्याचे नीट ऐकले असणार.

१५ वर्षांनी संभाजी महाराजांनी होडीचीही वाट पाहिली नाही. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठे दिवाडीच्या पूर्वेच्या जुवे बेटावर उतरले आणि त्यांनी तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी चालून आलेल्या व्हाइसरॉयचा पराभव झाला, तो स्वतः कसाबसा निसटला, आणि पुढे त्याने सेंट झेव्हियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून शहर त्या संताच्या हवाली केले. पळणाऱ्यांच्या पाठीवर महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरती चढत होती, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळाने उडी घालून त्यांना वाचवले, ही हकिगत आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. शाळेत असताना मला ती स्वामिनिष्ठेची गोष्ट म्हणून शिकवली गेली. फेरीबोटीच्या कठड्याला रेलून त्या पाण्याकडे पाहताना ती मला भरतीची गोष्ट वाटली. खाडीला उतार असतो तो तासांच्या हिशेबाने. सकाळी कमरेएवढे असलेले पाणी दुपारी घोडा बुडवते, आणि हे तिथल्या तारकऱ्याला ठाऊक असते, घाटावरून आलेल्या फौजेला नसते.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात सांगते. शहर रोगराईने ओस पडले, कारभार पणजीकडे सरकला, चौक्यांचे महत्त्व उरले नाही. १९६१ मध्ये भारतीय सैन्य १८ डिसेंबरच्या संध्याकाळी बेतीला पोहोचले, तेव्हाही त्याच्या आणि पणजीच्या मध्ये मांडवीच होती. नदी ओलांडून ते १९ तारखेच्या सकाळी पणजीत शिरले. त्यानंतर पूल झाले. पणजीचा मांडवीवरचा पूल दोन दशकेही न टिकता ५ जुलै १९८६ ला कोसळला, आणि नवा होईपर्यंत राजधानीचा सगळा भार पुन्हा फेरीबोटींवर येऊन पडला. माझे पहिले गोवा त्याच दिवसांतले. १९८७ च्या डिसेंबरात आमची शाळेची सहल गेली होती, आणि बेतीच्या धक्क्यावर बाईंनी आम्हा मुलींना दोघी-दोघींचे हात धरायला लावून बोटीत चढवले होते. पलीकडे पणजीचे दिवे लागले होते, डावीकडे पाण्यात पुलाचे उरलेले खांब उभे होते, आणि माझी जोडीदारीण सारखी विचारत होती की बोटही पडते का. बोट पडत नाही, बुडते, असे मी तिला सांगितले आणि बाईंचा धपाटा खाल्ला.

आता आमच्याकडचे पाहा. कोल्हापूर जिल्हा नद्यांचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात आणि तिथून पुढे पंचगंगा म्हणवतात. तरी आमच्याकडे नावा जवळजवळ संपल्या. त्यांना पुलांनी जितके संपवले त्याहून अधिक आमच्या बंधाऱ्यांनी संपवले, असे माझे मत आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर गेले आहे. दगडी खांबांच्या मधल्या खाचांत पावसाळा संपता संपता बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदी मोकळी करायची; खांबांवरून गेलेल्या अरुंद रस्त्याने बैलगाडी, सायकल, दुधाचे कॅन सगळे पलीकडे जाते. शेतीला पाणी आणि गावाला वाट, अशी दोन्ही कामे त्याने केली आणि आठ महिने नावाड्याची गरज उरली नाही. उरलेले चार महिने मात्र बंधारा पाण्याखाली जातो. कोल्हापुरात जुलै उजाडला की वर्तमानपत्रात किती बंधारे पाण्याखाली गेले याचा आकडा रोज छापून येतो, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे, मग ४३ फुटांच्या धोक्याकडे कशी चढते आहे, हे चहाच्या टपरीवरसुद्धा तोंडपाठ असते. नेमकी गरज पडते त्या दिवशी पूर्वीचा नावाडी नसतो. २००५ मध्ये, २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आम्ही रबरी बोटींची वाट पाहिली.

आणि काईल होती. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती लोखंडी काईल, जिच्यात चुलवाणावर गूळ शिजतो, पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावांत होडी होते. २००५ च्या पुरात मी एकदा तिच्यात बसले आहे. तिला ना पुढचे तोंड ना मागचे. वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी आधी गरगर फिरते, म्हणून दोघे पोहणारे दोन्ही बाजूंनी तिचे कान धरून ओढत होते, आणि आम्ही तिघी बायका एका शेळीसह मधोमध उकिडव्या बसलो होतो. काठाकडे कोणी झुकायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. तळाशी गेल्या हंगामातल्या मळीचा चिकट थर होता आणि माझी चप्पल त्यात रुतून बसली. शेळीने तो थर चाटायला सुरुवात केली. त्या भीतीतही आम्ही हसलो होतो, हे आठवते.

आई हसली नव्हती. तिला पाण्यावरचे काहीच आवडत नाही, आणि त्याचे कारण मला बोटीवर असताना पुन्हा आठवले. तिच्या लहानपणी कृष्णेवर 'तर', म्हणजे नाव, चाले. पौर्णिमेला वाडीला जायचे म्हणजे नावेतून जायचे; नावाड्याला रोख पैसे कोणी देत नसे, सुगीला घरटी जोंधळे घातले की वर्षभराची ये-जा फिटली. हा हिशेब मी लहानपणापासून कौतुकाने ऐकत आले आणि चार ठिकाणी सांगतही आले. त्याच्या पुढचा भाग आईने मला मी मोठी झाल्यावर सांगितला. तिच्या पाठच्या भावाला भाद्रपदात ताप भरला. डॉक्टर पलीकडच्या गावात. नदी दोन्ही थडी भरून चालली होती आणि नावाड्याने हात जोडून सांगितले की उतार नाही. त्याचे काही चुकले नव्हते, असे आजी शेवटपर्यंत म्हणायची. तीन दिवसांनी पाणी ओसरले, उतार मिळाला, नाव सुटली, पण तोवर डॉक्टरकडे जाण्याचे काही कारण उरले नव्हते. मामाचे नाव ठेवलेले होते. घरात ते पुन्हा कोणाला ठेवले नाही.

म्हणून आई कुठेही गेली तरी पुलावरून जाताना पर्समधले नाणे काढून नदीत टाकते. मी ते आजवर नदीला वाहिलेले समजत होते. ते पुलाला असावे.

दिवाडीवर आम्ही तासभर रेंगाळलो. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपाशी गाडी थांबवली, भातशेतीच्या मधून गेलेल्या बांधावरून चालून आलो. खाऱ्या पाण्याला आत येऊ न देणारे ते मातीचे बांध आणि त्यांतली 'मानस' नावाची लाकडी दारे आईने शेतकऱ्याच्या मुलीच्या नजरेने तपासली; भरतीच्या जोराने दार आपोआप मिटते आणि ओहोटीला आपोआप उघडते, हे तिथल्या एका म्हाताऱ्याने तिला हातवारे करून समजावले. "म्हंजे आपला बरगाच की, पर स्वतःचा स्वतः पडणारा," असे ती म्हणाली. बेटावर तिला काही आवडले असेल तर ते एवढेच.

मग नार्व्याचा धक्का आला. इथले पात्र जुन्या गोव्यापेक्षा अरुंद, काठावर दाट झाडी, बोटीची वाट पाहणाऱ्यांत तीन शाळकरी मुली, एक मासळीची पाटी आणि दवाखान्यातून परतणारे एक जोडपे. आई त्या जोडप्याशी बोलायला लागली. त्यांची मराठी कोकणीत बुडवलेली, हिची कोल्हापुरी. तरी दुखण्याखुपण्याचे बोलणे सगळ्यांना कळते. रात्री कोणाला काही झाले तर काय करता, असे तिने विचारले. त्या बाईने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने नदीकडे. बोट बंद झाली की बंद झाली, असे तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, पूल व्हावा असे काहींना वाटते आणि होऊ नये असे काहींना वाटते, असेही म्हणाला. तुम्हाला काय वाटते, हे विचारायच्या आत फळका खाली आला.

मी कठड्याशी उभी राहून देव कुठून नेला असेल याचा अंदाज बांधत होते. आई गाडीतून उतरली, काठीवाल्या खलाशापाशी गेली आणि तिने त्याला शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारले. मग पर्समधून ती छोटी डायरी काढली, जिच्यात गॅसवाल्याचा, डॉक्टरांचा आणि आम्हा भावंडांचा नंबर आहे, आणि बोटीच्या हादऱ्याने अक्षर वाकडे होऊ नये म्हणून बॉनेटवर डायरी टेकवून तिने ती वेळ लिहून घेतली.